बारा गाड्यांमागची जीप

खानदेशातील समस्त भगत, गाडीवान, मिस्तरी आणि चुलत्याच्या शब्दापुढे मान तुकवणारे तमाम पुतणे यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गावच्या देवीच्या बारा गाड्या एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या आबांनी ओढल्या नव्हत्या. त्या जीपनं मागून लोटल्या होत्या. जीप मी चालवत होतो. सदर निवेदन मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता करत आहे. दबाव आणू शकणारी माणसं आता एक तर देवाघरी गेली आहेत, किंवा त्यांना ऐकू येत नाही.

बारा गाड्या म्हणजे काय, हे आमच्याकडे जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकीमागे एक उभ्या करायच्या. प्रत्येक गाडीची दांडी पुढच्या गाडीच्या बुडाला आवळून बांधायची, म्हणजे सगळ्यांची मिळून आगगाडी होते. प्रत्येकीत मावतील तेवढी माणसं भरायची, मग न मावणारीही भरायची. सगळ्यांत पुढे भगत. अंगाला हळद, कमरेला दोर, दोन्ही बाजूंनी त्याला धरणारे दोन बगले. हा एकटा माणूस देवीचं नाव घेऊन बारा गाड्या ओढतो. आमच्या गावात गाड्या वेशीपासून निघतात, कोरड्या नदीची वाळू पार करतात आणि पलीकडे देवळाच्या पायरीशी थांबतात. नियम एकच. दोर ढिला पडता कामा नये. दोर ताठ आहे तोवर देवी भगताच्या अंगात. दोर ढिला पडला की देवी गेली, आणि तिच्यामागोमाग त्या घराचा मानही गेला.

गाव पारोळ्यापासून जवळच. मान एकवीस वर्षं आबांकडे होता. आबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आवाज असा की शेजारच्या घरातलं मूल रडायचं थांबे. एकवीस वर्षं गावानं त्यांच्या पायावर पाणी घातलं होतं, आणि एकवीस वर्षं आबांनी त्याचा पुरेपूर सूड गावावर घेतला होता. कोणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची विहीर आटली, सगळं आबांच्या तोंडून चौकात जाहीर व्हायचं. पण साठी ओलांडली तसा आबांचा उजवा गुडघा गेला. घरात ते भिंत धरून चालायचे, आणि कोणी आलं की भिंतीला ओल आली आहे का बघतोय असं दाखवायचे. त्या दोन वर्षांत आमच्या घराइतक्या काळजीनं भिंती तपासल्या गेलेलं दुसरं घर जिल्ह्यात नसेल.

आदल्या वर्षीच्या आखाजीला गाड्या वाळूत अडकल्या. एक बिडी ओढून संपेल इतका वेळ आबा दोराला लोंबकळत उभे. मग गाड्यांतली माणसं गुपचूप खाली उतरली, चाकांना हात लावले, आणि कशीबशी वरात देवळापर्यंत पोचली. दोर ढिला पडला नाही, एवढंच. पलीकडच्या काठावर नाना उभे होते. नाना म्हणजे आबांचे चुलत भाऊ, दोनच वर्षांनी धाकटे. मान आबांच्या घरातून निघाला तर त्यांच्याच दारात जाणार होता. त्यांनी तिथूनच अगदी काळजीच्या सुरात विचारलं,

"आबा, देवीनी यष्टी चुकनी का काय?"

झालं. त्या वाक्यावर गाव वर्षभर जेवलं. आबा किराणा दुकानात दिसले की कोणीतरी पाठमोरं उभं राहून विचारायचं, "यष्टी उनी का?" आबा वळून बघत, तर सगळे तूरडाळ निरखत असायचे.

जिजींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, एका रात्रीच्या जेवणानंतर गुडघ्याला तेल लावता लावता म्हटलं, "आते सोडा तो दोर. करू द्या नानाले." जिजी मुळात बोलायच्या कमी, चारचौघांत तर नाहीच. आबांनी पाय झटक्यानं ओढून घेतला. तेलाची वाटी लवंडली. "तू तुनी चूल सांभाय," म्हणाले. जिजींनी जमिनीवरचं तेल पदरानं पुसलं आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. जळगावात शेतीच्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी, मेहरूणला तलावाच्या बाजूला भाड्याची खोली. संक्रांतीच्या आधी एका सकाळी आबा माझ्या दारात हजर. खाटेवर बसले, भिंत तपासली, आणि बेत सांगितला. यंदा गाड्यांच्या मागे देवीचा रथ निघणार. रथ म्हणजे जीप, फुलापानांनी सजवलेली, पुढे देवीची तसबीर. रथ शेवटच्या गाडीच्या अगदी जवळून चालणार. रथ आणि गाडी यांच्यामध्ये बाभळीचा एक ओंडका असणार, आणि तो केळीच्या पानांत कोणाला दिसणार नाही.

मी म्हटलं, "आबा, हे देवीला चालेल का?"

"देवीले मी इचारं शे," आबा म्हणाले. "तू फक्त मोटर हाक. पण साधी मोटर नको. वाळूमा रुतीन. चारी पाय जोर लावतीन अशी जीप पाह्यजे."

मलाच का, तर अख्ख्या भावकीत लायसन असलेला मी एकटा होतो. तोंड बंद ठेवणारा एकही नव्हता, त्यामुळे त्या अटीवर आबांनी पाणी सोडलं.

दीपनगरच्या वीजकेंद्राजवळ एका कंत्राटदाराला दोन जुन्या जीपा विकायच्या आहेत अशी बातमी दुकानातच मिळाली. आम्ही गेलो. दोन्ही जीपा शेजारी शेजारी उभ्या. पहिली राखेनं माखलेली, हूड फाटलेलं, बॉनेटला मधोमध मोठा पोचा. कंत्राटदाराच्या ड्रायव्हरनं तिला एका दमात चालू केलं, दांडा ओढला आणि राखेच्या भुसभुशीत ढिगावर चढवून दाखवली. चारही चाकं फिरत होती, मी वाकून पाहिलं. दुसरी जीप नव्या हिरव्या रंगात चमकत होती. सीटांना नवीन कव्हरं. ती काहीच करत नव्हती. नुसती उभी होती.

इथे सांगायला हवं की आमच्या आबांना बैलबाजारात कोणी कधी फसवलेलं नव्हतं. लोक खोंड घ्यायला त्यांना सोबत नेत. आणि आबांना जगातली विकत घेण्याची वस्तू तपासायची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी हिरव्या जीपला मागून-पुढून फेरी मारली. पाठीवर थाप मारली. चाकांवर खूर दाबावा तसा पाय दाबला. दिव्यांत डोळे घालून पाहिलं. मग चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून, तिची उभं राहण्याची ढब पाहिली. "चारी पायस्वर सारखी उभी शे," म्हणाले. नंतर पहिलीकडे गेले. बॉनेटवरचा पोचा बोटानं चाचपला आणि हात झटकला. कपाळावर असा भोवरा असलेलं जनावर घरधन्याला खातं, असा त्यांचा निकाल पडला.

पहिली जीप चांगली आहे, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. आबा चूक करत आहेत आणि आपण ती बघत आहोत, असा योग आमच्या पिढीच्या वाट्याला क्वचितच यायचा. मी तो तोंड उघडून वाया घालवणार नव्हतो.

मग सौदा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. आबांनी कंत्राटदाराचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबायला लागले. कंत्राटदार बाहेरच्या मुलुखातला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला फिट आली. त्यानं घाबरून आबांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. बैलबाजारात घट्ट धरलेल्या हाताचा अर्थ एकच होतो, सौदा पटला. आबा समाधानानं मागे सरले. आपण काय कबूल केलं हे समजल्यावर कंत्राटदार थोडा कुरकुरला, आणि नंतर इतक्या आनंदानं किल्ली आमच्या हातात ठेवली की मला खात्रीच पटली.

दीपनगरहून गावापर्यंत हिरवी जीप सात वेळा थांबली. सातव्या वेळी ती सुरूच झाली नाही. एका ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधून तिला आणली, आणि दुसऱ्या दिवशी तशीच धुळ्याला नेली. पुढे ट्रॅक्टर, मागे जीप, जीपमध्ये स्टिअरिंग धरून मी आणि शेजारी ताठ बसलेले आबा. रस्त्यावरचे लोक नमस्कार करत होते. आबा घेत होते.

धुळ्यात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेद देतात, तिथून थोडं आत एका मिस्तरीचं आवार होतं. लष्करात गाड्या दुरुस्त करून परत आलेला माणूस. नमस्कार-चमत्कार नाही, पाणी विचारणं नाही. तो पाठीवर झोपून जीपच्या खाली सरकला. मग खालून हसणं ऐकू आलं. मग हसणं थांबलं, मिस्तरी बाहेर आला, आबांकडे पाहिलं आणि परत हसायला लागला.

"आबा, ही चार पायांची नाही," तो म्हणाला. "पुढचे दोन दाखवायचे आहेत."

पेट्रोल वाचवायला कोणीतरी पुढच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट केव्हाच काढून विकला होता. पुढच्या ॲक्सलच्या पोटातली दातेरी चाकंसुद्धा गायब होती. तिथे ग्रीसमध्ये भिजवलेलं गोणपाट कोंबलेलं होतं.

"पण दांडा शे ना," आबा म्हणाले. "तो लाल दांडा. ओढा का चारी चाकं चालतस."

"आहे की. देवळात घंटा असते तसा. वाजवा, पुण्य लागेल. गाडी हलणार नाही."

आबांच्या आयुष्यात त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी मिस्तरीकडे पाहिलं आणि मनोमन त्याला गुरू केलं.

संक्रांतीपासून आखाजीपर्यंत, दर रविवारी, मी जळगावहून आणि आबा गावाहून धुळ्याला जायचो. मिस्तरीची अट होती की मालकानं समोर बसलं पाहिजे. ही अट त्यानं फक्त आबांसाठीच काढली होती, असं मला नंतर त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून कळलं. आबांना उन्हात एका रिकाम्या डब्यावर बसवलेलं असायचं. समोर पान्यांचा ढीग. मिस्तरीनं "तेरा" म्हटलं की तेरा नंबरचा द्यायचा. आबांना आकडे वाचता यायचे, पण ते पान्यावर इतके बारीक कोरलेले असत की ते अंदाजानं देत. मिस्तरी न बघता तो मागे फेकायचा. आबा उठून, गुडघा धरून, तो आणायला जायचे.

एकदा चाकं काढायची होती. मिस्तरी म्हणाला, "भगत ना तुम्ही? बारा गाड्या ओढता? हे नट सोडा बघू."

आता, त्या जुन्या जीपांची एक खोड होती. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. सगळं जग ज्या दिशेनं नट सोडवतं, त्या दिशेनं ते आणखी घट्ट बसत. आबांना मिस्तरीनं डाव्या चाकाशीच बसवलं होतं. आबांनी देवीचं नाव घेतलं आणि जोर लावला. पुन्हा नाव घेतलं. मग पान्यावर पाय ठेवून उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटला, बोटांची सालटं निघाली. अर्ध्या तासानं कडकन आवाज झाला आणि नटासकट बोल्टच तुटून आला. मिस्तरीनं बिडी पेटवली.

"जोर आहे," तो म्हणाला. "दिशा चुकतेय फक्त."

मी पंधराव्या मिनिटालाच आटे ओळखले होते. पंपांच्या दुकानात होतो, आटे कळायचे मला. आबा दुसऱ्या नटाला लागले तेव्हाही मी चहा पीत बसलो होतो. लहानपणी माझी वाचा बसल्यासारखी व्हायची, तेव्हा आबा पाहुण्यांपुढे मला मुद्दाम बोलायला उभं करायचे आणि सगळ्यांना हसवायचे. मी त्याची आठवण काढत चहा पीत होतो असं म्हटलं तर तुम्हाला माझी बाजू पटेल. पण तसं नव्हतं. मला त्या वेळी काहीही आठवत नव्हतं. नुसती मजा वाटत होती.

शाफ्ट आणि पुढचा ॲक्सल धुळ्याच्या भंगारवाल्यांकडे मिळेना. फाल्गुन संपत आला. अखेर मिस्तरीनं एका रविवारी दोन्ही वस्तू आवारात मांडून ठेवल्या होत्या. राखेनं माखलेल्या. मी बोट फिरवून पाहिलं आणि मिस्तरीनं डोळा मारला. पोच्याच्या जीपला गिऱ्हाईक मिळेना म्हणून कंत्राटदारानं ती तोडून विकली होती. पुढच्या रविवारी तिचं इंजिन आलं, कारण हिरवीचं इंजिन तेल प्यायचं. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा गिअरबॉक्स. हिरवीचं बॉनेट तर पत्र्याचं कमी आणि भोकं बुजवायच्या लांबीचं, म्हणजे लुकणाचं, जास्त होतं. मिस्तरीनं हातोडीची एक टिचकी मारली तसा रंगाचा पापुद्रा पडला आणि आतून आबांना स्वतःचे पाय दिसले. तेव्हा बॉनेटही आलं. पोच्यासकट.

आबांनी तो पोचा पुन्हा बोटानं चाचपला.

"हाऊ तोच का?" त्यांनी मला विचारलं.

"तोच."

"मंग आपण हिरवीमधून काय ठेवं?"

मिस्तरीनं हात पुसत उत्तर दिलं, "सीटकव्हरं चांगली आहेत, आबा."

अशा रीतीनं आबांनी नाकारलेली जीप तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक तुकड्याला दोनदा फेऱ्या मारून विकत घेतली. तिच्यापेक्षा जास्त मन लावून घरात आणलेली वस्तू आमच्याकडे दुसरी नव्हती.

चैत्रात पांझरा नदीच्या वाळूत चाचणी झाली. मिस्तरी शेजारी बसला. त्यानं मला दोन्ही दांडे ओढायला लावले, एक पुढची चाकं जोडणारा, दुसरा गती कमी करून जोर वाढवणारा. मी क्लच सोडला. आतापर्यंत ती पुढून ओढत नेलेल्या मढ्यासारखी चालायची. त्या दिवशी खालून काहीतरी हललं आणि चारही चाकांनी एकाच वेळी वाळू धरली. ती धरणं मला मांड्यांत जाणवलं. जीप हळूहळू, बैलाच्या चालीनं, पण कशालाही न जुमानता पुढे निघाली. वाटेतलं एक झुडूप तिनं आडवं केलं, मी स्टिअरिंग वळवायला विसरलो होतो. मिस्तरीनं तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं पाहिलं.

"लो गिअरमध्ये तिला दया नसते," तो म्हणाला. "थांबवायचं ते तू."

आखाजी उजाडली. दुपारपासून जीपला सजवणं चाललं. दोन बाजूंना केळीचे खांब, वर आंब्याचे डहाळे, आत लुगड्यांची झालर. पोच्यावर झेंडूची माळ. काचेपुढे देवीची तसबीर इतकी मोठी लावली की मला बघायला तळहाताएवढी फट उरली. त्या फटीतून एकच दृश्य दिसायचं, शेवटच्या बैलगाडीचं बूड आणि त्यात माझ्याकडे तोंड करून बसलेले माझे वडील. वडिलांना या बेतात घ्यावं लागलं होतं, कारण मला पुढचं काहीच दिसणार नव्हतं. ठरलं असं की वडिलांनी मान वळवून पुढची चाल बघत राहायचं, आणि त्यांनी हात वर केला की मी थांबायचं. बिचारे आबांना इतके भीत की सकाळपासून हात वर करायचा सराव करत होते. ओंडका गोणपाटात गुंडाळून, दोरानं टांगून, पानांत दडवला.

सूर्य खाली आला तसे ढोल सुरू झाले. आबा हळद लावून बाहेर आले. गाड्यांना फेऱ्या घालताना लंगडत होते, पण अंगात देवी असलेला माणूस कसाही चालला तरी चालतो. पलीकडच्या काठावर नाना पांढऱ्या सदऱ्यात उभे. देवळाच्या पायरीवर आरतीचं ताट घेऊन जिजी. भगताच्या बायकोनं तिथे थांबायची रीत आहे. गाड्या माणसांनी फुलल्या होत्या. आबांनी देवीच्या नावानं आरोळी ठोकली आणि दोर ताणला.

कडक रस्त्यावर गाड्या जवळजवळ आपसूक निघाल्या. ओंडका नुसता टेकलेला होता. मग पहिली गाडी वाळूत शिरली, दुसरी शिरली, तिसरी, करत करत बारावी, तिच्यामागे जीपही, आणि सगळी आगगाडी कचकन थबकली. ढोलांचा जोर वाढला. काठावर कोणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. मी दोन्ही दांडे ओढले आणि क्लच सोडला.

मागच्या चाकांनी वाळू फेकली, पुढच्यांनी धरली. ओंडका कुरकुरला. बारा गाड्या आणि त्यांतली शंभर-सव्वाशे माणसं, असं ते सगळं माझ्या पायाखालच्या एका पेडलला बांधलेलं असल्यासारखं हललं. बैलाच्या चालीनं निघालं, मग माणसाच्या चालीनं. गाड्यांतून जयजयकार झाला. मी पेडल थोडं आणखी दाबलं.

वडिलांनी हात वर केला.

मी तो पाहिला. अगदी स्वच्छ पाहिला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, मग उभे राहून मारुतीसारखे हलवायला लागले. आता खरं बोलायचं म्हणूनच एवढं लिहितोय, तर खरंच सांगतो. मी थांबलो नाही. पन्नासेक श्वास मी पेडल तसंच धरलं. आबांवर राग म्हणून नाही. ज्या जीपनं मला चार महिने राबवलं, रडवलं, ती पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं चालत होती, आणि मला आणखी थोडा वेळ ते अनुभवायचं होतं. पुढे चुलता आहे, हे मला माहीत होतं. मला ते पुरेसं मोठं कारण वाटलं नाही.

पुढे काय चाललं होतं ते मला नंतर बगल्यांनी सांगितलं. आधी आबांना वाटलं की देवी खरोखरच आली. दोर एकदम हलका झाला, तीन पावलं त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की एक बगला हात जोडायला लागला. चौथ्या पावलाला दोराला झोळ पडला. पाचव्याला दोर वाळूला लागला. आबांनी मागे वळून पाहिलं, तर पहिल्या गाडीची दांडी त्यांच्या कमरेपासून हातभर. बगल्यांनी त्यांना सोडलं आणि दोन बाजूंना उड्या मारल्या. आणि आबा पळाले. सगळी वाळू, सगळा काठ, गेलेल्या गुडघ्यासकट, एका हातानं धोतर धरून, हळद उडवत, देवळाच्या पायऱ्या दोन-दोन चढत, थेट दाराचा खांब मिठी मारून धरेपर्यंत. मागून बारा गाड्या.

तेव्हा मी ब्रेक दाबला. जीप थांबली, गाड्या हातभर पुढे गेल्या, ओंडका पानांत लोंबकळत राहिला. कोणाचं त्याच्याकडे लक्ष गेलं नाही, आणि आजतागायत गेलेलं नाही. गावानं त्या दिवशी आपला अर्थ आपण लावला. देवीनं आबांच्या अंगात यायचं सोडून गाड्यांच्या अंगात येऊन त्यांना देवळापर्यंत हाकललं, असा. आबांना तो अर्थ खोडून काढता आला असता. फक्त त्यासाठी जीपबद्दल सांगावं लागलं असतं. आबा नंतर सात वर्षं जगले आणि नदीच्या पलीकडे एकदाही गेले नाहीत. आखाजीच्या संध्याकाळी दार लावून घ्यायचे. दोर नानांच्या घरी गेला तो तिथेच आहे. जीप मी विकली, सीटकव्हरांसकट.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी ढोल एकेक करून थांबत होते. मी जीपमधून उतरून देवळाच्या बाजूनं पुढे आलो होतो. दोर वाळूत आडवातिडवा पडलेला, सगळं गाव त्याच्याकडे बघतंय. मान कोणाकडे जाणार हे ठरवणारे गावचे पंच नानांकडे बघत होते. नाना एक पाऊल पुढे आले, घसा साफ केला. वर्षभर जपून ठेवलेलं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि ते त्यांना कधीच बोलायला मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. कारण तितक्यात पायरीवरून, आरतीचं ताट हातात तसंच धरून, खांबाला मिठी मारलेल्या नवऱ्याकडे बघत, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जिजींच्या तोंडून निघून गेलं,

"ओ माय, आमना ह्या गाड्या ओढी नई राहिंतात, ह्या तं गाड्यास्ले भिईसन पयी राहिंतात!"